स्कोअर पाठवण्याआधी परीक्षक वाचा

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रचना-स्पर्धांची जाहिरात आली की बहुतेक जण आधी बक्षिसाची रक्कम, मग वयाची अट आणि शेवटची तारीख बघतात. परीक्षकांचं नाव बघायचं राहूनच जातं. प्रत्यक्षात तिथूनच सुरुवात करायला हवी, कारण परीक्षक बहुधा स्वतः रचनाकार असतो आणि त्याची तीस-चाळीस वर्षांची कारकीर्द कुणालाही तपासता येते. ती वाचायची ती त्याची नक्कल करण्यासाठी नव्हे. आपल्या रचनेचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिखित स्वरलिपी, या वर्षी, याच माणसापुढे ठेवावा का, एवढं ठरवण्यासाठी.

आधी परीक्षक एक आहे की मंडळ आहे ते पाहा. टोकियोचा तोरू ताकेमित्सू रचना पुरस्कार हे एकट्या परीक्षकाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. 1997 साली हान्री द्युतियो, 1998 ला ग्यॉर्गी लिगेती, 1999 ला लुचानो बेरिओ, अशी दरवर्षी एकाच रचनाकाराकडे निवड सोपवलेली. 2008 ला स्टीव्ह राइश होते आणि लगेच 2009 ला हेल्मूट लाखेनमान. एकाचं आयुष्य स्थिर लय आणि हळूहळू सरकणाऱ्या आवर्तनांत गेलेलं, तर दुसऱ्याचं गजाची खरखर, फुंकर, लाकडावरचे घासे यांतून संगीत उभं करण्यात. एकच स्कोअर या दोन वर्षांत दोन अगदी वेगळ्या कानांपुढे गेला असता. वयाची अट 35 पर्यंत असल्यामुळे संधी मोजक्याच मिळतात, तेव्हा वर्ष निवडणं हीसुद्धा तयारीच.

आता एका कागदावर प्रत्येक परीक्षकासाठी पाच रकाने आखा: गुरू कोण, स्वतःला कोणतं बक्षीस कोणत्या वयात मिळालं, गेल्या दहा वर्षांत कशासाठी लिहिलं, शिष्य कोण, आणि याआधी परीक्षक असताना कुणाला निवडलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा आणि तोच भरायला सगळे कंटाळतात. निवडलेल्या दोन-तीन कृती मिळवा, घड्याळ लावून ऐका, पहिल्या मिनिटात काय घडतं ते लिहून ठेवा. मुलाखतीत परीक्षक ‘मला सगळ्या शैली आवडतात’ असं म्हणतोच. खरं काय ते निवडीतून कळतं.

हयात रचनाकारांचे स्कोअर आयएमएसएलपी या मोफत स्कोअरच्या संकेतस्थळावर शोधण्यात वेळ घालवू नका, ते बहुधा स्वामित्वहक्काखाली असतात. प्रकाशकाकडे जा. कोरियन रचनाकार उन्सुक चिन यांचे स्कोअर बूझी अँड हॉक्सकडे, थॉमस आडेस आणि जॉर्ज बेंजामिन यांचे फेबरकडे. नुसते वाचण्यासाठीचे स्कोअर हे प्रकाशक ऑनलाइन ठेवतात. रेकॉर्डिंग लावून स्कोअर पुढे ठेवा आणि शैलीपेक्षा लेखनाच्या सवयी टिपा: गतिचिन्हं किती दाट, सूचना किती लांब, कोणत्या वाद्याला अवघड जागा दिल्यात. ज्याचा स्वतःचा स्कोअर काटेकोर असतो, त्याला तुमच्या स्कोअरमधला ढिसाळपणा पहिल्या पानावरच खटकतो.

कारकीर्द वाचताना एक घोळ हमखास होतो. परीक्षक अमक्याचा शिष्य, म्हणून त्याला अमक्यासारखं आवडेल, असा सरळ हिशेब मांडला जातो. उन्सुक चिन यांना 1985 साली तरुण रचनाकारांसाठीचं डच गौदेआमुस पारितोषिक मिळालं आणि त्या हॅम्बुर्गला लिगेतींकडे शिकायला गेल्या. तिथे गुरूंनी त्यांच्या आधीच्या कृती स्वतःच्या नसल्याचं सांगून बाजूला ठेवायला लावल्या, आणि पुढे काही वर्षं चिन यांचं लेखन जवळपास थांबलं. 2004 साली व्हायोलिन कन्चेर्टोसाठी त्यांना अमेरिकेतला ग्रॉमायर रचना पुरस्कार मिळाला आणि 2018 साली त्या टोकियोच्या ताकेमित्सू पुरस्काराच्या परीक्षक होत्या. अशा परीक्षकापुढे लिगेतीछाप रचना ठेवणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. आपल्या घराण्याची उसनवारी ज्याला त्याला सगळ्यात आधी ऐकू येते.

मंडळ असेल तर गणित वेगळं, आणि ते नियमावलीत शोधायचं. समजा पाच परीक्षक दहापैकी गुण देतात. पहिल्या कृतीला 10, 10, 9, 3, 3 मिळाले, म्हणजे 35. दुसरीला 7, 7, 7, 7, 8, म्हणजे 36. बेरीज धरली तर दुसरी जिंकते. पण सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचा नियम असेल तर पहिलीचे उरतात 22 आणि दुसरीचे 21. निकाल उलटा! धाडसी रचना असेल तर नियमावलीतली ही ओळ आधी वाचा.

सगळ्यांना थोडंथोडं खूश करायचा मोह टाळा. 1928 साली शूबर्टच्या स्मृतिशताब्दीनिमित्त झालेल्या स्पर्धेत स्वीडिश रचनाकार कुर्ट आटरबेरी यांच्या सहाव्या सिंफनीला 10,000 डॉलर मिळाले. परीक्षकांत ग्लाझुनोव्ह आणि कार्ल नील्सन हे रचनाकार होते. समीक्षक अर्नेस्ट न्यूमन यांनी लगेच शंका काढली की, यांनी परीक्षकांची यादी बघून प्रत्येकाच्या आवडीचा घास वाढलाय. बक्षीस मिळालं, पण ‘डॉलर सिंफनी’ हे नाव कृतीला कायमचं चिकटलं.

हितसंबंधांचं कलम हलक्यात घेऊ नका. 1905 साली प्री द रोम या फ्रेंच सरकारी रचना-स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच मॉरिस राव्हेल बाद झाले आणि अंतिम फेरीत गेलेले सगळे एकाच शिक्षकाचे विद्यार्थी निघाले. ते शिक्षक, शार्ल लेनेप्व्यू, परीक्षक मंडळात बसले होते. पॅरिसमध्ये मोठा गदारोळ झाला आणि वर्ष संपायच्या आत तिथल्या कॉन्सर्व्हेटरीचं, म्हणजे संगीत महाविद्यालयाचं, संचालकपद रचनाकार तेओदोर द्युब्वांकडून गाब्रिएल फोरेंकडे गेलं. आज बऱ्याच नियमावल्यांत परीक्षकाच्या चालू विद्यार्थ्याला बंदी असते. चार दिवसांच्या मास्टरक्लासला ‘विद्यार्थी’ म्हणतात का, हे आयोजकांना आधीच ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परीक्षकाला मात्र थेट लिहू नका.

नाव झाकायचं असेल तर पूर्ण झाका. 1919 साली एलिझाबेथ कूलिज या अमेरिकन आश्रयदात्रीने भरवलेल्या स्पर्धेत नावं झाकून आलेल्या कृतींत दोघांची बरोबरी झाली. कूलिजबाईंनी निर्णायक मत अर्नेस्ट ब्लॉखच्या बाजूने दिलं आणि दुसरी कृती रिबेका क्लार्क यांची निघाली. एवढा चांगला सोनाटा बाईने लिहिला यावर काहींचा विश्वासच बसेना. नाव दिसलं की कान बदलतात, ते हे असं. आज नाव फुटतं ते पीडीएफमधून. सिबेलियस किंवा डोरिको या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाच्या माहितीत भरलेलं नाव पीडीएफच्या गुणधर्मांत उतरू शकतं. फाइल तयार झाली की ते उघडून तपासा. फाइलचं नाव, अर्पणपत्रिका, तळाची स्वामित्वहक्काची ओळ आणि जोडलेल्या ऑडिओचा टॅगही बघा.

स्कोअरच्या मांडणीत ऑर्केस्ट्रासाठी ए3 उभा कागद घ्या. पाच रेषांची उंची 4 मिमीच्या खाली गेली की वाचताना डोळे ताणावे लागतात. जागा पुरत नसेल तर रिकाम्या ओळी लपवा. पहिल्या आतल्या पानावर वाद्यांची यादी, तालवाद्यांचं वादकवार वाटप, मिनिटांत कालावधी आणि स्कोअर मूळ स्वरात (ऐकू येतो तसा) आहे की वाद्यांच्या स्वरात (वादकाला लिहून देतात तसा), हे लिहा. शेवटची गोष्ट राहिली तर हॉर्न आणि क्लॅरिनेटचा प्रत्येक स्वरसमूह वाचणाऱ्याला चुकीचा वाटतो. वेगळ्या चिन्हांचा खुलासा दोन पानांत बसवा. मिडी रेकॉर्डिंग, म्हणजे संगणकाने वाजवलेलं, चालतं का ते बघा. चालत असलं तरी खरखर-फुंकरीच्या रचनेला ते जोडू नका, संगणकाला ते आवाज नीट जमत नाहीत.

अंतिम मुदत ‘पोहोचण्याची’ की ‘टपाल शिक्क्याची’, हे नीट वाचा. ऑनलाइन असेल तर टोकियोची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. छापील स्कोअर कुरियरने पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर छापील साहित्य, व्यापारी मूल्य नाही, असं लिहा.

आणि रचना ‘आधी न वाजलेली’ असावी अशी अट असेल, तर निकाल लागेपर्यंत ती मुंबईत किंवा पणजीत मित्रांच्या मैफलीतही वाजवू देऊ नका, यूट्यूबवर तालमीची चित्रफीत तर नाहीच नाही. वाजवून बघायचीच असेल तर बंद दाराआड, एक-एक विभाग घेऊन वाजवा आणि रेकॉर्डिंग स्वतःजवळच ठेवा.