सोनं मोडायला आणि हिरे विकायला जाताय? आधी घरी हा हिशोब करा

आत्या गेली तेव्हा तिची डबी माझ्याकडे आली. आत एक चेन, दोन बांगड्या, एकच कानातलं (जोडीतलं दुसरं कुठे गेलं देव जाणे) आणि सात बारक्या खड्यांची एक अंगठी. मी काय केलं, डबी उचलली आणि जो सोनार पहिला दिसला त्याच्याकडे जाऊन "याचे किती येतील हो?" असं विचारून मोकळी झाले. तिथेच माती खाल्ली. त्याने अंगठी काट्यावर टाकली, 4.60 ग्रॅम आलं, मग कॅल्क्युलेटरवर पटकन अर्धा ग्रॅम वजा केला आणि म्हणाला "खड्यांची घट हो ताई". मी मान डोलावली, कारण मला वाटलं खडे आहेत म्हणजे वजा होणारच ना.

नशीब की त्या दिवशी विकली नाही. घरी येऊन डोकं लावलं. हिऱ्याचं एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. म्हणजे अर्धा ग्रॅम म्हणजे अडीच कॅरेटचे हिरे! माझ्या अंगठीतले खडे टाचणीच्या डोक्याएवढे, सातही मिळून फार तर पाव कॅरेट भरतील, म्हणजे 0.05 ग्रॅम. त्याने बरोब्बर दहापट कापलं होतं, आणि वर त्या खड्यांचे पैसेही शून्य लावले होते. म्हणजे वजन कापताना खडे मोठे आणि पैसे देताना खडे नाहीतच, कमाल आहे.

म्हणून हे सगळं लिहितेय. माझं म्हणणं एवढंच की सोनं आणि हिरा हे दोन वेगळे सौदे आहेत, ते एका काट्यावर एका आकड्यात उरकू देऊ नका. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो, त्याची किंमत तुम्ही घरी बसून काढू शकता. हिऱ्याला असा भाव नसतो, तिथे जो घेणारा आहे तो काय देतो तीच किंमत.

आणि हो, कॅरेट या शब्दाने गोंधळू नका. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, 24 पैकी किती भाग सोनं ते. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. शब्द एकच, अर्थ दोन, आणि काउंटरवर घाईघाईत बोलताना लोक हमखास घोळ करतात.

आता घरी काय करायचं. एक छोटा डिजिटल काटा घ्या, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, महाग नसतो. प्रत्येक वस्तू वेगळी वजन करा, काट्यावर आकडा दिसेल असा फोटो काढा. मग भिंग घेऊन शिक्के शोधा, अंगठीच्या आतल्या बाजूला, चेनच्या हुकाजवळ, कानातल्याच्या दांडीवर. 999 म्हणजे 24 कॅरेट, 916 म्हणजे 22, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14, 375 म्हणजे 9. 925 दिसलं तर ती चांदी आहे, वर सोन्याचं पाणी असू शकतं. जीपी, जीएफ, एचजीई असली अक्षरं दिसली की तो मुलामा, ते बाजूला काढा. पांढरी अंगठी चांदीची समजून फेकू नका, त्यावर 750 असेल तर ते व्हाईट गोल्ड आहे आणि 950 असेल तर बहुतेक प्लॅटिनम. लोहचुंबक पण लावून बघा, सोनं चिकटत नाही, पण चेनच्या हुकात आत बारीक स्टीलची स्प्रिंग असते त्यामुळे फक्त हुक चिकटला तर घाबरायचं कारण नाही. अख्खी चेनच चिकटली तर मात्र विषय संपला.

कॅरेटप्रमाणे वेगवेगळ्या पुड्या करा. हे फार महत्वाचं आहे कारण 22 ची बांगडी आणि 14 ची चेन एकत्र काट्यावर गेली की सगळ्याला 14 चा भाव लागायची शक्यता असते आणि तुम्हाला कळणारही नाही.

मग हिशोब. एकूण वजनातून खडे, मोती, लाख, धागा जे काही सोनं नाही ते वजा करा, उरेल ते निव्वळ वजन. त्याला शुद्धतेने गुणा. म्हणजे 20 ग्रॅमची बांगडी 916 ची असेल तर 20 गुणिले 0.916, झालं 18.32 ग्रॅम शुद्ध सोनं. याला त्या दिवशीच्या 24 कॅरेटच्या भावाने गुणलं की झाली वितळलेल्या सोन्याची पूर्ण किंमत. यातलं काही दुकानदाराला सुटणारच, त्याला गाळायचा खर्च आहे, नफा आहे, त्यात वाईट काही नाही. पण तो किती टक्के ठेवतोय ते तुम्हाला आता कळेल. आधी कळत नव्हतं, एवढाच फरक. घडणावळ मात्र विसरा, घेताना दिलेली मजुरी परत मिळत नसते.

आंतरराष्ट्रीय भाव बघत असाल तर तो औंसात असतो, आणि हा औंस 31.1 ग्रॅमचा ट्रॉय औंस, साधा 28.35 चा नाही. लंडनमध्ये हा भाव दिवसातून दोनदा ठरतो, सकाळी 10:30 आणि दुपारी 3 ला. दुकानात बोर्डावर जो रेट असतो तो बऱ्याचदा त्यांचा विकायचा रेट असतो, घ्यायचा वेगळा. म्हणून "आजचा भाव काय" असं विचारू नका, "मोडीला घेताना काय भाव लावता" असं विचारा.

आता दुहेरी कपात, यात भलेभले फसतात. समजा त्याच 20 ग्रॅमच्या बांगडीला शुद्धता मोजायच्या मशीनवर 91.6 टक्के आलं, दुकानदाराने वजन कापून 18.32 केलं, ठीक. मग त्याला भाव लावताना 22 कॅरेटचा लावला. अहो, 22 चा भाव म्हणजे आधीच अशुद्धता वजा केलेला भाव! एकतर पूर्ण 20 ग्रॅमला 22 चा भाव लावा, नाहीतर 18.32 ला 24 चा लावा. दोन्हीकडून कापलं तर तुमचं दीड ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं हवेत गेलं. हे मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी काउंटरवरच्या पोरालाच माहीत नसतं, पण नुकसान आपलंच होतं.

तपासणी कशी करतात ते समोर उभं राहून बघा. जुनी पद्धत म्हणजे कसोटीचा काळा दगड, त्यावर वस्तू घासून रेघ काढतात आणि ऍसिडचा थेंब टाकतात, रेघ विरली की कॅरेट कमी. अनुभवी माणूस यात बऱ्यापैकी अचूक असतो. हल्ली बहुतेकांकडे एक्स-रेवालं मशीन असतं, मिनिटभरात टक्केवारी देतं, वस्तूला काही होत नाही. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसतं, आणि उलटही होतं, म्हणजे नेमकं सांध्यावर ठेवलं तर टक्केवारी कमी दाखवतं कारण सांधायला जे डाख वापरतात ते मूळ सोन्यापेक्षा कमी कॅरेटचं असतं. म्हणून दोन-तीन जागी लावायला सांगा. स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. मी सांगितलं तर एकाने वळवली, एकाने "मशीन फिक्स आहे" म्हणून सांगितलं, मी पुढच्या दुकानात गेले.

वितळवायची गोष्ट निघाली की थांबा. गाळल्यावर खरी टक्केवारी कळते हे बरोबर आहे, पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्यात तर त्याशिवाय इलाजच नसतो. पण एकदा मुशीत गेलं की ती बांगडी राहत नाही, तो एक गोळा असतो आणि तो घेऊन दुसऱ्या दुकानात गेलात तर तुमची बाजू कमकुवत होते. म्हणून आधी किती टक्के कापणार, कुठला भाव लावणार आणि गाळून पटलं नाही तर गोळा परत देणार का, एवढं बोलून घ्या. गाळायच्या आधी आणि नंतर वजन तुमच्यासमोर, आणि मुशीच्या तळाला चिकटलेला कणही खरवडून त्यात यायला हवा. काका लोक हसतात, हसू देत.

आणि मोडायच्या आधी एकदा तरी बघा की वस्तू तशीच विकली तर जास्त येतील का. नामांकित घडवणाऱ्याचा शिक्का असेल, किंवा खूप जुनं हातकाम असेल तर जुने दागिने घेणारा व्यापारी गाळलेल्या किंमतीपेक्षा जास्त देऊ शकतो. घासून चमकवू नका तेवढं. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, बास. मोती, पन्ना, ओपल असेल तर तेही नको, नुसतं ओल्या फडक्याने पुसा.

आता हिरे. इथे मन घट्ट करा. दुकानातून हिरा घेतला तेव्हा दिलेल्या पैशात दुकानदाराचा नफा, टॅक्स, डिझाईन सगळं होतं, आणि तुम्ही विकायला जाता तेव्हा सोनार घाऊक बाजाराच्या भावाच्याही खाली विचार करतो कारण त्याला तोच हिरा घाऊकमधे सहज मिळतो. विम्यासाठी काढलेल्या व्हॅल्युएशनचा कागद असेल तर तो आकडा बघून हुरळून जाऊ नका, तो नवीन घ्यायला किती लागतील त्याचा आकडा असतो, विकून किती येतील त्याचा नाही. बारक्या खड्यांना बहुतेक ठिकाणी काहीच देत नाहीत. मग सरळ सांगा, खडे काढून परत द्या. काढायची मजुरी आधी विचारा मात्र, कधीकधी मजुरी खड्यांपेक्षा महाग पडते.

एक मोठा खडा असेल तर गोष्ट वेगळी. गोल हिऱ्याचा व्यास साधारण 6.5 मिलीमीटर असेल तर तो कॅरेटभराचा, 5 च्या जरा वर असेल तर अर्ध्या कॅरेटचा, कोंदणातून न काढता मोजपट्टीने अंदाज येतो. सर्टिफिकेट शोधा, जुन्या पाकिटात, फाईलमधे, कुठेही. जीआयए ही हिरे तपासून रिपोर्ट देणारी अमेरिकेतली संस्था 1931 पासून आहे आणि तिच्या रिपोर्टला सगळीकडे मान असतो, रिपोर्टचा नंबर त्यांच्या साईटवर टाकून खरा-खोटा बघता येतो. कधीकधी हाच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, दहापट भिंगातून दिसतो. रिपोर्ट नसेल आणि हिरा चांगला मोठा असेल तर तो काढून घेणं परवडतं, छोट्याला नाही.

दुकानातलं पेनासारखं टेस्टर पी पी वाजलं म्हणजे खरा हिरा असं समजू नका. ते उष्णता किती पटकन वाहते ते बघतं, आणि त्यात मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही हिरा म्हणून पास होतो. लॅबमधे बनवलेला हिरा तर पास होणारच कारण तो हिराच आहे, फक्त जमिनीतून आलेला नाही. त्याला परत विकताना मात्र फारच कमी येतात, काही जण घेतच नाहीत. काचेवर घासून बघायचा प्रयोग करू नका, साधा क्वार्ट्झसुद्धा काच ओरबाडतो आणि हिऱ्याची कड उडाली तर बसा बोंबलत.

जुने हाताने पैलू पाडलेले हिरे असतील, जाडसर, वरून बघितलं की मधे बारीक गोल ठिपका दिसतो, तर एखादा सोनार म्हणेल "रिकट करावा लागेल, वजन जाईल, त्यामुळे एवढेच". असेलही खरं. पण असेच जुने कट मुद्दाम शोधणारे घेणारे पण असतात, एकदा तिकडे विचारा. आणि रिकट करून कॅरेटच्या खाली गेला तर भाव नुसता वजनाने नाही, कॅरेटच्या दरानेही पडतो, 1.01 आणि 0.98 मधे वजनाचा फरक किती, पण भावाचा भरपूर.

हिरा दुकानात ठेवून येऊ नका. ठेवावाच लागला तर पावतीवर वजन, मिलीमीटरमधली मापं, रिपोर्ट नंबर, सगळं लिहून घ्या, "एक हिऱ्याची अंगठी" एवढं लिहिलेली पावती काही कामाची नाही.

बोलण्याचं म्हणाल तर एकच. "तुमची अपेक्षा किती?" असं विचारतील, आकडा सांगू नका. "तुम्ही हिशोब करून दाखवा" म्हणा आणि गप्प बसा. आत्याची आठवण, पैशांची नड, यातलं काही सांगू नका. निदान तीन ठिकाणी विचारा, शक्यतो एकाच दिवशी, नाहीतर भाव बदलला की तुलनाच होत नाही. बदल्यात नवीन दागिना घेतला तर जास्त देतो म्हणतील, तेव्हा नव्याची घडणावळ किती लावली ते बघा, जास्तीचे दिलेले तिथून परत जातात बऱ्याचदा.

वारसाने आलेलं असेल तर भावंडांशी आधी बोला आणि लिहून ठेवा, व्हॉट्सऍपवर का होईना. ओळखपत्र मागितलं तर चिडू नका, उलट न मागणाऱ्याकडूनच लांब रहा. पैसे खात्यात घ्या, पावतीवर वजन, टक्केवारी, भाव तिन्ही यायला हवं. टॅक्सचं जिथे राहता तिथल्या सल्लागाराला विचारा, वारशाच्या वस्तूची मूळ किंमत कशी धरायची याचे नियम देशागणिक वेगळे.

माझी अंगठी शेवटी तिसऱ्या सोनाराने घेतली. त्याने खडे काढले, सोनं पुन्हा काट्यावर ठेवलं, 4.55 आलं. सात खडे कागदाच्या पुडीत बांधून हातात दिले आणि म्हणाला "याचं मला काही देता येणार नाही ताई, ठेवा तुमच्याकडे". पुडी ड्रॉवरमधे आहे.