वर्ग सजवताय? मग एकदा भिंतीवरचा तक्ता काढून बघा

नवीन रुजू झालेल्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्या शिक्षकांच्या वाट्याला पहिली-दुसरीचा जोडवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन्ही वर्ग, आलाय त्यांच्यासाठी. मी लातूरकडचा, २०२४ च्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्यात आलो. डोंगरातली द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे दोन्ही वर्ग मिळून १४ मुलं. निपुणचे (पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचे) स्तर, अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवं ते), वाचन कोपरा, गणित कोपरा हे सगळं तुम्हाला माहितीच आहे, ते परत सांगत नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय, जिच्यात माझे दोन महिने गेले. माझे गेले त्याचं काही नाही, मुलांचे गेले ते अजून लागतं.

मे महिन्यात गावाला न जाता मी अख्खा वर्ग सजवला. शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्या शिक्षकाचं, मानधन १६ हजार होतं, त्यातले साडेचार हजार कार्डशीट, रंग, लॅमिनेशन आणि तयार तक्त्यांवर घातले. मुळाक्षरं चित्रांसकट, बाराखडी, १ ते १००, फळं, भाज्या, प्राणी, वाहनं, वार, महिने, सुविचार, छताला कागदी पक्षी. बोटभर भिंत मोकळी ठेवली नाही. फोटो ग्रुपवर टाकले, खूप कौतुक झालं, आणि मला वाटलं की निम्मं काम झालं.

शाळा सुरू झाली. रोज परिपाठानंतर मी पट्टी घेऊन तक्त्यावर फिरवायचो आणि मुलं एका सुरात म्हणायची. 'ब'वर पट्टी ठेवली की सगळा वर्ग 'ब बदकाचा'. जुलैच्या मध्यापर्यंत मी वहीत दुसरीच्या सगळ्यांपुढे मुळाक्षरं पूर्ण अशी खूण केली होती.

मग जुलैच्या शेवटी चार दिवस सलग पाऊस लागला, चिऱ्याच्या भिंतीला ओल आली आणि एका रात्रीत तक्ता गळून पडला. चित्रं पसरली, कागदाचा लगदा झाला. म्हटलं ठीक आहे, नवीन आणेपर्यंत फळ्यावर घेऊ. फळ्यावर नुसता 'ब' काढला, चित्र नाही काही नाही. वर्ग गप्प. दुसरीतली एक मुलगी, जी तक्ता सगळ्यात भरभर म्हणायची, ती म्हणाली, "गुरुजी, ह्याचं चित्र खंय?" मी एकेकाला जवळ बोलावून बघितलं तर १४ पैकी ४ मुलांना चित्राशिवाय अक्षरं ओळखता येत होती. चारच.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे बाहेरून अजिबात दिसत नाही. मूल तक्त्यावर तीन गोष्टी एकदम बघतं: चित्र, जागा आणि अक्षर. त्यातलं चित्र सगळ्यात सोपं, ते बदक आहे हे त्याला आधीपासून माहितीये. जागा त्याच्या खालोखाल सोपी, कारण तक्ता रोज त्याच खिळ्याला असतो आणि 'ब' रोज 'फ' आणि 'भ'च्या मध्येच असतो. मग अक्षराकडे बघायची गरजच काय? पोरगं बदकाकडे बघून 'ब' म्हणतं, आपण खूश होतो, आणि त्याचं डोकं अक्षराच्या आकारापर्यंत पोचतच नाही. अंकांच्या तक्त्याचं पण तेच, ४७ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतील, पण तोच ४७ चिठ्ठीवर लिहून द्या, अडकतील. मूल खोटं बोलत नाहीये, आळशी तर नाहीच नाही. आपणच त्याला तशी वाट करून दिलेली असते. आणि एका सुरात म्हणताना दोघंतिघं जोरात म्हणतात, बाकीचे त्यांच्या मागे, म्हणजे ज्याला येत नाही तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही.

म्हणून माझं ऐका, शनिवारी तक्ता काढून ठेवा आणि सोमवारी एकेकट्याला विचारा. सगळ्यांना मिळून नाही, एकेकट्याला. जे कळेल ते बघून घाबरू नका, चार निघाले तर चार, तिथून पुढे जाता येतं. माझी तीच मुलगी दिवाळीनंतर गोष्टीचं पुस्तक वाचत होती.

मी काय बदललं ते सांगतो. कार्डाच्या एका बाजूला नुसतं अक्षर, चित्र मागच्या बाजूला. मूल आधी म्हणतं, मग कार्ड उलटून स्वतःच तपासतं, माझ्या तोंडाकडे बघत नाही. सगळी कार्डं एकाच रंगात करायची, नाहीतर पोरं 'लाल तो ब' असं धरून बसतात. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म अशा फसवणाऱ्या जोड्या मुद्दाम शेजारी ठेवायच्या. आणि शब्द त्यांच्या घरातले घ्या. आमच्याकडे 'र'ला रातांबा (कोकमाचं फळ), 'फ'ला फणस, 'ह'ला होडी. ऐरण आमच्या एकाही पोराने बघितलेली नाही, मला तक्त्यावरची ऐरण समजावण्यातच अर्धा तास गेला होता.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फुकटचं होतं: नावाच्या पट्ट्या. सकाळी प्रत्येकाने ढिगातून आपलं नाव शोधायचं आणि हजेरीच्या खिशात घालायचं. पहिल्या आठवड्यात अंदाजाने उचलतात, पण एकाच अक्षराने सुरू होणारी दोनतीन नावं असली की पुढची अक्षरं बघावीच लागतात. स्वतःचं नाव चुकलेलं कुठल्याच मुलाला चालत नाही.

भिंतीचं म्हणाल तर माझं मत झालंय की निम्म्याच्या वर मोकळी ठेवा. नंतर वाचनात आलं की २०१४ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या २४ मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही साध्या खोलीत शिकवले होते, आणि भरगच्च खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं, शिकणंही कमी झालं. प्रयोग लहान आहे, पण माझ्या वर्गात मी हेच बघत होतो, वाक्य वाचायला सांगितलं की चार पोरं छताच्या पक्ष्यांकडे. जे लावायचं ते मुलाच्या डोळ्यासमोर. खाली भिंतीला काळा पट्टा मारून तळफळे करून घ्या, प्रत्येकाला हातभर जागा, लिहू दे पुसू दे.

गणितात दोनच वस्तूंवर माझा जीव आहे. एक, शंभर मण्यांची माळ, दर दहाला रंग बदललेला, मुलाच्या हाताला लागेल अशी टांगलेली, आणि कपड्यांना लावायचा चिमटा. ४२ सांगितलं की चार दहा मोजून दोन मणी पुढे चिमटा. आपल्या मराठीत 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतो म्हणून पोरं २४ लिहितात, आणि एकोणचाळीस तर अजून वाईट, त्यात चाळीस ऐकू येतो आणि लिहायचा असतो ३९. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात बेचाळीसला 'चाळीस दोन' म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझ्या मते दोन्ही शेजारी शेजारी म्हणावं, कारण बाजारात बेचाळीसच चालतं. दुसरी वस्तू, खराट्याच्या हिरांचे (काड्यांचे) दहा-दहाचे गठ्ठे. ३२ मधून ८ काढायचे तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, सुटे १२ होतात, ८ गेले, ४ उरले आणि दोन गठ्ठे. हातचा म्हणजे काय ते गठ्ठा सोडणाऱ्या हातांना कळतं. म्हणून गठ्ठे सोडू द्या, 'खराब होईल' म्हणून कपाटात ठेवू नका. साहेब येणार म्हणून बाहेर काढायचं आणि गेले की कुलूप, असं साहित्य मी बघितलंय, मला त्याचा राग येतो.

मोजायला चिंचोके, शिंपले, गारगोट्या घ्या. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी असंच भोवतालच्या वस्तूंतून साहित्य उभं केलं. फक्त काजूबी नको, मुलं दाताने फोडायला जातात आणि टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. आणि गुंजा तर कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणू नका, विषारी असतात.

तयार पीडीएफ छापून लावणं आणि फ्लेक्स मागवणं ह्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आणि मार्गदर्शक निवडताना फोटो टाकणाऱ्यांपेक्षा शेजारच्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे जाऊन बसा. मी गेलो होतो, त्यांच्या भिंतीवर जवळजवळ काहीच नव्हतं, आणि त्यांचं प्रत्येक पोर वाचत होतं. त्यांनी मला दिवसभर काहीच शिकवलं नाही, नुसतं बघू दिलं. तेवढं पुरलं.

कोकणात असाल तर खिळे मे महिन्यातच ठोकून घ्या, ओल्या भिंतीत ते टिकत नाहीत. दोरी नायलॉनची, सुतळीला बुरशी येते. आणि कार्डं पत्र्याच्या डब्यात ठेवा, आत कडुनिंबाचा पाला टाका, नाहीतर श्रावण संपेपर्यंत कसर सगळं खाऊन टाकते.