प्राण्यांचा हस्तोपचार शिकताना: झटक्याआधी चाचपणी

ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या हस्तोपचाराचं, म्हणजे हातांनी सांधे-मणक्यांवर उपचार करण्याचं, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना पहिली धास्ती असते ती सांध्यावर द्यायच्या झटक्याची. मॅक्टिमनी या कायरोप्रॅक्टिक पद्धतीतला टॉगल रिकॉइल, म्हणजे हात टेकवून चटकन झटका देणं आणि क्षणात काढून घेणं, मनगटात बसायला महिने जातात. पण तो येतो. उशीवर रोज सराव करा. खरं अडायला होतं त्याच्या आधी, चाचपणीत.

घोड्याच्या दोन्ही ट्यूबर कॉक्सी (कंबरेच्या हाडाची बाजूला उठून दिसणारी टोकं) मागून पाहिल्या, डावी खाली दिसली, वहीत 'पेल्विस (कंबरेचं हाड) तिरका' असं लिहून टाकलं. घोडा मात्र डावा मागचा पाय सैल सोडून उभा होता! सैल पायाच्या बाजूची कंबर खाली येतेच. जमीन उतरती असेल, एक खूर पुढे असेल, धरणाऱ्याने डोकं एका बाजूला ओढलेलं असेल, तरी तेच. एका बाजूचा पुठ्ठा सुकलेला असेल तर तिथलं हाड उगाच वर आल्यासारखं वाटतं. आणि एकदा 'डावं खाली' असं डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक गोष्ट बोटांना तशीच लागते.

म्हणून समतल, कडक जमीन घ्या. चारही खुरांवर भार आहे ना आणि मागच्या दोन्ही पायांच्या नळ्या (खुरावरची लांब हाडं) सरळ आहेत ना, हे लांबूनच बघा. लाथेच्या टप्प्यात जाऊ नका. नाक छातीच्या रेषेत हवं. दोन्ही ट्यूबर कॉक्सींवर चिकटपट्टीचे तुकडे लावून मागून फोटो काढा. मग घोडा दहा पावलं चालवून पुन्हा उभा करा आणि पुन्हा पाहा. असं तीनदा. तिन्ही वेळा फरक तोच आला तरच लिहा, आणि लिहितानाही 'डावी ट्यूबर कॉक्सी खाली' एवढंच. 'हाड सरकलंय' हे निरीक्षण नव्हे, निष्कर्ष आहे, आणि बहुतेकदा चुकीचा.

कुत्र्यात अकराव्या छातीच्या मणक्याशी काट्यांचा (मणक्यांवरच्या उभ्या हाडांचा) कल बदलतो: पुढचे मागे झुकलेले, मागचे पुढे. तिथे बोटाला लागणारी खोलगट जागा नवख्यांना 'बसलेला मणका' वाटते. ती मुळातली रचना आहे. मोजणी शेवटच्या बरगडीपासून करा. कुत्र्यात छातीचे १३ मणके, घोड्यात १८.

गुरू निवडताना, जो आधी जनावर चालवून बघतो त्याच्याकडे जा. गाडीतून उतरल्या उतरल्या हात लावणारा कितीही नावाजलेला असो, टाळा. शनिवार-रविवारच्या शिबिरांत झटका शिकाल, निरोगी पाठ कशी लागते ते नाही. ते कळायला पन्नास-साठ निरोगी जनावरं हाताखालून जावी लागतात. सुरुवातीला काहीच कळत नाही, सगळं सारखंच लागतं. घाबरू नका, तसंच होतं.

डॅशहुंड (लांब पाठीचा, आखूड पायांचा कुत्रा) मागचे पाय ओढत असेल किंवा पंजा उलटा टेकत असेल तर हात मागे घ्या आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे पाठवा. मणक्यांमधली चकती फुटलेली असताना दिलेला झटका मज्जारज्जूवर जातो.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या सवलत-आदेशाप्रमाणे आजारी प्राण्यावर असा उपचार पशुवैद्याने तपासून सांगितल्यावरच करता येतो. भारतात १९८४ च्या कायद्याने पशुवैद्यक व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यांपुरता ठेवला आहे. फिजिओथेरपी शिकून ब्रिटनला जाणाऱ्यांनी परतल्यावर कोणत्या पशुवैद्याच्या दवाखान्यात, त्याच्या देखरेखीखाली काम करणार, हे फी भरण्याआधी ठरवावं.