हळदीच्या दोऱ्यावर पाहा, वायू कसा सरकतो

निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून गेलात तर आत न डोकावताही आत काय भरलंय ते कळतं. तो वास रस्त्यापर्यंत येतो तो बहुतांशी वाऱ्यावर. पण वारा अजिबात नसला तरी वायू आपसूक एकमेकांत मिसळत राहतात. याला विसरण म्हणतात. ते किती सावकाश चालतं, हे घरच्या घरी डोळ्यांनी बघता येतं.

गवंडी लेव्हल धरायला वापरतात तसल्या पारदर्शक नळीचा हातभर तुकडा घ्या. शिवाय सुती दोरा, हळद, पानपट्टीवरचा चुना, दोन बुचं आणि कल्हईवाले वापरतात तो नवसागर, चिमूटभरच.

दोरा हळदीच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, नळीत ओवा आणि एक टोक बुचानं बंद करा. नळी आडवी ठेवून बाहेरून दर ५ सेंटिमीटरवर पेनानं खुणा करा. आता सोप्यात किंवा अंगणात या, कारण पुढचा वायू डोळ्यांना झोंबतो. मुलं करणार असतील तर मोठं माणूस सोबत हवंच. कापसावर चुना नि नवसागर कालवून तो दुसऱ्या टोकात सारा आणि लगेच बूच लावा. कापूस दोऱ्याला टेकता कामा नये. घड्याळ बघा.

चुना आणि नवसागर मिळून अमोनिया सुटतो. तो पोचेल तिथं पिवळा दोरा लालसर होतो. ही लाल हद्द आधी भरभर सरकते, मग रेंगाळते. दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ लागतो, आणि खरी गंमत इथेच आहे. वायूचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगानं पळतात, पण तेवढ्याच सेकंदात शेजारच्या रेणूंशी शेकडो कोटी वेळा धडकतात. प्रत्येक धडकेला दिशा बदलते, म्हणून पुढची वाटचाल अशी कूर्मगतीनं होते. शेवटी दोन्ही बुचं काढून दोरा मोकळ्या हवेत धरा. अमोनिया उडून जाईल तसा तो पुन्हा पिवळा पडतो.

हलका वायू लवकर पसरतो, जड वायू उशिरा. हा नियम थॉमस ग्रॅहॅम यांनी १८३१ मध्ये मांडला. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे. स्वयंपाकाचा गॅस मात्र प्रोपेन-ब्युटेनचा, हवेपेक्षा जड. खानापूर, जांबोटीकडे पावसाळ्यात खिडक्या बंदच असतात. अशा घरात गळलेला गॅस जमिनीलगत साचतो आणि नुसत्या विसरणानं लवकर विरत नाही. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, पावसाची पर्वा न करता दारं-खिडक्या सताड उघडा, पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, १९०६ ला, फोन करा.