घरच्या बिअरमध्ये मिठाचा खडा पडू नये म्हणून

घरी बिअर करणारा माणूस सुरुवातीला बापडा साधा असतो. किट आणतो, उकळतो, यीस्ट टाकतो, बाटल्या भरतो, आणि बिअर बरी होते. मग कुठेतरी त्याच्या वाचनात येतं की बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. झालं! पुढच्या शनिवारी ओट्यावर क्षारांच्या पाच पुड्या, दोन मीटर आणि एक स्प्रेडशीट. त्या बॅचची चव मात्र थेट अँटासिडसारखी. पाण्याचं रसायन तितकं अवघड नाही. लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, तिथे घोळ होतो.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि केंद्रीय कायद्याने घरगुती बिअरला मुभा मिळाली. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे फक्त वाचावं आणि लंडन-न्यू जर्सीच्या भावंडांना पाठवावं.

पायरी १ : क्लोरीन घालवा

बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या) फिनॉलशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ग्लास नाकाजवळ नेताच दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. अगदी नखभर प्रमाण पुरतं. ‘मी पाणी रात्रभर उघडं ठेवलं होतं’ असं सांगणारे बरेच भेटतात. साधं क्लोरीन तसं उडतंही, पण अनेक शहरं आता क्लोरामीन वापरतात आणि ते चिवट आहे. कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते. २० लिटरसाठी पाव गोळी चुरून टाका, ढवळा. काही मिनिटांत काम होतं. अख्खी गोळी टाकून ‘असू दे, जास्त शुद्ध होईल’ म्हणू नका.

पायरी २ : आपल्या नळात काय आहे ते बघा

पाणी कंपनीचा अहवाल मागवा आणि एकक वाचा. खरी गंमत इथे आहे. काही प्रयोगशाळा सल्फेट हे गंधक म्हणून देतात. त्या आकड्याला ३ ने गुणावं लागतं. २५ वाचून खूश झालेल्या माणसाच्या पाण्यात प्रत्यक्षात ७५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सल्फेट असतं. क्षारता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिली असेल, तर बायकार्बोनेटसाठी १.२२ ने गुणा. टीडीएस मीटरच्या भरवशावर राहू नका. एकूण क्षार किती हे तो सांगतो, कुठले ते सांगत नाही.

घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी बिअरला नको. तो कॅल्शियम काढून सोडियम देतो आणि बायकार्बोनेट तसंच ठेवतो, म्हणजे हवं ते गेलं आणि नको ते राहिलं. सरळ आरओचं पाणी घ्या.

पायरी ३ : दुसऱ्याच्या गावाचं पाणी बनवू नका

इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) मुरलेलं आहे. सल्फेट ६०० पीपीएमच्या वर जातं. त्यामुळे तिथल्या पेल एल या फिकट बिअरमधला हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागायचा. इतर गावच्या ब्रुअरींनी मग आपल्या पाण्यात जिप्सम घालायला सुरुवात केली आणि त्याला बर्टनायझेशन असं भारदस्त नाव मिळालं. याउलट चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनचं पाणी जवळजवळ क्षाररहित, आणि १८४२ मध्ये तिथली सोनेरी लागर त्याच पाण्यावर जन्मली. डब्लिनचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं, म्हणून तिथे भाजलेल्या, आंबटसर काळ्या धान्याची स्टाउट शोभली. त्या लोकांनी पाण्याला जुळेल अशी बिअर शोधली. आपला हौशी गडी मात्र लंडनच्या आधीच जड पाण्यात बर्टनचा अख्खा आकडा ओततो आणि वर विचारतो, की बिअर खडू चाटल्यासारखी का लागतेय?

पायरी ४ : क्षार तोला

सुरुवातीला दोनच पुड्या पुरेत, जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही खाद्य दर्जाच्या. २० लिटर आरओ पाण्यात जिप्सम ४ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम घातलं की कॅल्शियम साधारण ८५, सल्फेट ११० आणि क्लोराइड ७० पीपीएम होतं. पेल एलला हे छान. माल्टचा गोडवा पुढे हवा असेल तर प्रमाण उलटं करा.

कृतीत ‘एक चमचा’ लिहिलेलं असेल तर ती कृती बंद करा. कुठला चमचा? चहाचा की पोह्यांचा? दोघांत तिपटीचा फरक सहज पडतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. कॅल्शियम क्लोराइडची बरणी घट्ट लावा. उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं, दाणे आधी एकमेकांना चिकटतात, मग तळाशी चिकट पाणी दिसायला लागतं. तेव्हा काट्यावरच्या ३ ग्रॅममध्ये क्षार किती आणि मुंबईचा पावसाळा किती, कोण सांगणार!

एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाळलेलंच बरं. पुरेसं मॅग्नेशियम माल्टमधूनच येतं, आणि हे जुलाबाचंही औषध आहे. पाहुण्यांनी दुसरा ग्लास नाकारला तर कारण विचारायला नको.

पायरी ५ : मॅशचा पीएच

पीएच ही आम्लतेची मोजपट्टी बिअरवाल्यांच्याच घरची: कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती १९०९ मध्ये मांडली. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वाटीत थोडा वर्ट (माल्टचं ते गोड पाणी) काढा, पूर्ण थंड करा, मग मीटर बुडवा. ५.२ ते ५.६ आलं की हात लावू नका. उकळत्या वर्टमध्ये मीटर बुडवलं तर आकडा कमी दिसतो आणि प्रोबचंही आयुष्य घटतं. पीएच जास्त असेल तर लॅक्टिक ॲसिड एकेक मिली घालून पुन्हा मोजा. ५.४५ चा ५.४० करण्यासाठी धडपडणाऱ्यांनी चहा घ्यावा.

पायरी ६ : ग्लासात तपासा

कॅल्शियम क्लोराइड १० ग्रॅम घेऊन त्याचं १०० मिली द्रावण करा. तयार बिअरच्या अर्ध्या लिटरच्या ग्लासात १ मिली टाकलं की क्लोराइड साधारण ९५ पीपीएमने वाढतं. शेजारी तीच बिअर साधी ठेवा आणि कुठला ग्लास कुठला हे दुसऱ्या कुणाला तरी लपवायला सांगा. ओळखता आला आणि आवडला, तर पुढच्या बॅचला तेवढं वाढवा. ओळखताच आला नाही, तर स्प्रेडशीट मिटवून दोन्ही ग्लास संपवा.