जेसीबी बोलवायच्या आधी वावरात एक चक्कर मारा

घराचा पाया असो नाहीतर शेततळं, जेसीबीवाल्याशी तासाचा भाव ठरवताना सगळ्यात आधी हे विचारा भाऊ की गावाहून यायचा-जायचा वेळ धरणार का, डिझेल कोणाचं अन् खडक फोडायचा ब्रेकर लागला तं रेट किती, कारण आपल्याकडे वर काळी माती असते पण खाली कुठं मुरूम लागते कुठं सरळ खडक, अन् खड्ड्यात मशीन उभी असताना भाव करायला गेलं की आपलं काही चालत नाही. काम सुरू होताना आणि थांबताना मशीनच्या तासाच्या मीटरचा फोटो काढून ठेवा, वाद होतच नाही.

आदल्या दिवशी फक्कीनं आखणी करून घ्या. ड्रिपची मेन लाईन, मोटरची केबल, नळाचा पाईप कुठून गेलाय तिथं खुंट्या ठोका, आणि वरची विजेची तार ऑपरेटरला बोट दाखवून सांगा, बकेट वर गेली की तार लागायला वेळ लागत नाही, यात जीव जातो.

काळी माती वेगळी, मुरूम वेगळा टाकायला लावा. काळी वावरात कामी येते पण घराच्या पायात भरू नका, पाण्यानं फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तडे जातात. ढीग काठापासून पाच फूट तरी लांब पाहिजे नाहीतर कड ढासळते. मुरूम विकायचा असेल तं आधी तहसीलमधून परवानगी घ्या.

अन् हे सगळं मे संपायच्या आत उरका, मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत मशीनच फसते.