शेंगदाणे नाहीत, पण कूट आहे!

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं लेकरू घेऊन बुफेला जाणार असाल, तर वेटरला "यात शेंगदाणे आहेत का?" असं कधीच विचारू नका. मी विचारलं होतं. संभाजीनगरातलं एक हॉटेल, पनीरची भाजी, माझी लेक तेव्हा चार वर्षांची. "नाही साहेब, पनीरमध्ये शेंगदाणे कशाला?" पोरगा अगदी मनापासून बोलला. दोन घासांत तिचा ओठ सुजला, अंगावर गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनॅलिन, म्हणजे ॲलर्जीच्या जोरदार झटक्यावरचं तातडीचं इंजेक्शन, टोचलं तेव्हा कुठं श्वास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन वस्तादला, म्हणजे तिथल्या आचाऱ्याला, गाठलं. तो म्हणाला, "काजू परवडत नाहीत, ग्रेव्हीत निम्मे शेंगदाणे वाटतो."

आपल्या मराठवाड्यात कूट हा पदार्थ म्हणून मोजलाच जात नाही, मिठासारखा तो असतोच. म्हणून प्रश्न असे विचारा: कूट घातलाय का? ग्रेव्ही कशाची वाटली? फोडणीचं तेल कोणतं? आणि हे प्रश्न वेटरला नाही, स्वयंपाक करणाऱ्याला. महाराज असो की वस्ताद, त्याला भेटायचंच. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर तो बोलायला मोकळा असतो. ऐन रविवारी दुपारी दीड वाजता गाठलं तर तो "काही नाही, खा बिनधास्त" म्हणून मोकळा होतो.

तेलाचं थोडं सांगतो. रिफाइंड तेलात शेंगदाण्याचं प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात ते उरतं, आणि ॲलर्जी त्या प्रथिनाचीच असते. हल्ली 'लाकडी घाण्याचं तेल' अशी पाटी लावणारी हॉटेलं वाढली आहेत. बाकीच्यांना कौतुक, मला धडकी. करडईचं म्हणाले तर ठीक, पण घाणा एकच असेल तर त्यात आधी काय गाळलं हेही विचारावं लागतं.

बुफे उघडतो त्याच मिनिटाला पोचा. बारा-साडेबारा वाजता प्रत्येक भांड्यातला डाव त्याच्याच भांड्यात असतो. एक वाजेपर्यंत भरल्या वांग्याचा डाव वरणात गेलेला असतो, आणि कोशिंबिरीच्या चमच्यानं कुणीतरी दही घेतलेलं असतं. पदार्थ निर्दोष असून उपयोग नाही, चमचा दोषी निघतो. मी तर सरळ विनंती करतो, "दादा, लेकराचं वरण-भात बाहेर मांडायच्या आधी आतल्या पातेल्यातूनच द्या, धुतलेल्या डावानं." दहातले आठ जण हसून देतात.

काउंटरवर काय टाळायचं? कोशिंबीर, भरली वांगी, अंबाडीची भाजी, चटण्या, चाटचा सगळा कोपरा. इडली चालेल, पण चटणीशिवाय. लाइव्ह काउंटरचा तवा मला कधीच पटत नाही, एकाच उलथन्यानं सगळं होतं. तंदुरी रोटी बरी, पण पीठ आणि तूप विचारून. चतुर्थी-एकादशीला मात्र जाऊच नका. त्या दिवशी साबुदाणा खिचडी आणि भगरीसोबतची दाण्याची आमटी, अर्धं हॉटेल शेंगदाण्यावर चालतं.

गोडाचा कोपरा सगळ्यात फसवा. आइस्क्रीमचा स्कूप एकाच पाण्यात बुचकळून सगळ्या डब्यांत फिरतो. वर भुरभुरलेला हिरवागार 'पिस्ता' रंग दिलेला शेंगदाणा असू शकतो, ही भेसळ बाजारात जुनी आहे. आमच्याकडं नियम असा: बाहेर गोड खायचं तर पाकीटबंद कप, तोही लेबल वाचून.

जेवायच्या आधी टेबल पुसायचं, आणि लेकराचे हात साबण-पाण्यानं धुवायचे. सॅनिटायझरनं जंतू मरतात, हाताला लागलेला कूट जात नाही.

औषधाची पिशवी कारमध्ये नाही, टेबलावर. आमच्या डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनची मात्रा लेकीच्या वजनावरून कागदावर लिहून दिली आहे, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कशी टोचायची ते आम्हा दोघांनाही शिकवलं आहे. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, माझ्या ऐकीव मात्रेवर जाऊ नका. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधानं खाज थांबते, पण घसा आवळत असेल तर त्यावर वेळ घालवायचा नाही. आधी ॲड्रेनॅलिन, मग १०८. लेकराला उभं करू नका, चालवू नका. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

इतकं करूनही मी डबा नेतोच. पोळी, तूप-गूळ, बटाट्याची सुकी भाजी. "बाहेरचं खाणं चालत नाही" असं मॅनेजर म्हणाला तर वाद घालत नाही, डॉक्टरांचा कागद पुढं करतो. एकदाच एकजण अडून बसला. आम्ही सगळे सहाजण उठलो आणि शेजारच्या थाळीवाल्याकडं गेलो. त्यानं डबा बघून आधी विचारलं, "पोळी गरम करून देऊ का?" मी म्हटलं, "नको भाऊ, तवा तुमचा."